अंजिराच्या बागेची भिंत

“कुंपणाची भिंत चर्चपेक्षा उंच? दोनातो, डोकं ठिकाणावर आहे ना?” थोरल्या बहिणीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मेलबर्नच्या त्या गॅरेजमध्ये टेबलावर त्यांचं इटलीतलं अख्खं गाव उभं होतं. आईवडिलांबरोबर बोटीने इकडे आला तेव्हा दोनातो सात वर्षांचा होता; ती आजीपाशी मागे राहिली. निवृत्तीनंतर काडेपेटीच्या काड्या जोडत त्याने आठवलं तसं गाव बांधलं. आता ती पहिल्यांदाच त्याच्याकडे आली होती आणि आल्या आल्या चुका काढत होती.

“अंजिराच्या बागेची भिंत कमरेएवढी आहे. तिच्यावर बसून मी बसची वाट बघते.”

“उंचच होती,” तो फुरंगटला. “तरी मी एकटा चढून अंजिरं चोरायचो.”

“एकटा?” हसता हसता तिला ठसका लागला. “आणि खालून ढकलायचं कोण?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन आली. भिंत तेवढीच उंच होती. वर काडीचा पोरगा बसला होता. खाली, दोन काड्या चिकटवून केलेली मुलगी हात वर करून उभी होती.

पुन्हा चष्मा पुसत ती म्हणाली, “एवढी जाड नव्हते हं मी!”