हिरवी जास्वंद

सासू-सुना ओसरीवर बसल्या होत्या. अंगणातली जास्वंद भरगच्च हिरवी होती. लाल मात्र ती कधीच होत नव्हती. सोनुबाईने सुनेला विचारले,

“पोटच्या पोरावानी जपतेस तिला. मंग देवाला एक फूल कसं नाय गं?”

“कळ्या मी खाते, आत्याबाई. कांजीत वाटून. सुईण म्हनाली, मंग कूस भरत नाय.” अंबूच्या आवाजात ओल नव्हती. “तीन पुरली. चौथं पुरायचं बळ नाय माज्यात.”

घाटात आगगाडीचा मार्ग बांधायला गेलेला तिचा नवरा बुधाजी आज घरी परतणार होता.

“यांना सांगाल? दुसरी करतील ते.”

सोनुबाई उठली. शेणखताची पाटी कमरेवर घेतली आणि ती जास्वंदीकडे चालू लागली.