‘ला’ की ‘ती’

माफेटेंग शहरातल्या गायनवृंद-संचालकांच्या संमेलनात नवं छापील पुस्तक हातात पडलं आणि मी आधी आमचंच गाणं उघडलं. त्याचा शेवटचा सूर त्यात ‘ला’ होता; दो-रे-मीच्या स्वरलिपीत नुसतं ‘l’ अक्षर. ते गाणं रचणाऱ्या मोखेथी गुरुजींनी हातानं लिहून दिलेल्या कागदावरून गावातल्या बायकांना मी बारा वर्षं ‘t’, म्हणजे ‘ती’ शिकवत आले होते.

गुरुजी पहिल्याच रांगेत होते. मागच्या वर्षी एका चुकलेल्या सुरासाठी त्यांनी एका संचालकाला मंचावरून खाली उतरवलं होतं.

“बाई, तुमचीच पाळी. देवाचं नाव घ्या,” शेजारचे रालेबित्सो हसत म्हणाले.

बायका ‘ती’च गायल्या. गुरुजी काठी टेकत थेट माझ्यासमोर आले.



“पोरी, त्या छापखान्यावाल्यांना माझं अक्षर लागलंच नाही. तुला बरं लागलं.”