गाण्यातला ढोल

पोलादपूरच्या खालूबाजात ढोल वाजवणाऱ्या सहदेव आप्पांनी गाजलेल्या गाण्यातला आपला ढोल ओळखला. गाण्याखाली नाव मागितलं, तर संगीतकाराने कळवलं, "ढोल कॉम्प्युटरचा आहे."

"जाऊ द्या ना आप्पा, सगळे ढोल सारखेच," मुंबईहून आलेला मुलगा मंगेश म्हणाला.

आप्पांच्या लेकीने, दिशाने, लॅपटॉपवर गायकाचा आवाज, कीबोर्ड, बेस एकेक करून काढून टाकले. उरलेल्या ढोलात डावा हात दर वेळी किंचित उशिरा पडत होता. बोट मोडल्यापासून आप्पांचा तसाच पडतो.

तिने आवाज वाढवला. ढोलाच्या आधी मंगेशचा पुसट आवाज आला, "वाजवा आप्पा, रेकॉर्डिंग चालू हाय."

मंगेशने मान खाली घातली. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप मिटला.


"नाय गो दिशा. हा ढोल माझा नाय."