मोटारीच्या पुढे

"मोटारीला मागं टाकलं की ह्यानं," भर बाजारात कुणीतरी ओरडलं आणि सायकलवरच्या दौलतच्या गळ्यात झेंडूची माळ पडली.

शर्यतीतल्या मोटारींनी गावात माणसं चिरडू नयेत म्हणून एका सायकलस्वारानं पुढं राहायचं आणि मोटारीनं त्याच्या मागून सावकाश यायचं, असा दरबारचा हुकूम होता. दौलत तसं घसा फोडून सांगत होता, पण इंजिनाच्या धडधडाटात त्याचं त्यालाच ऐकू येईना. वेशीबाहेर पडताच मोटार त्याला ओलांडून सुसाट निघून गेली, ते बघायला मात्र तिथं कुणी नव्हतं.

घरी आला तर आबा दारातच उभे. दौलतनं घोडी विकून सायकल आणल्यापासून हा जुना घोडेस्वार लेकाशी बोलत नव्हता.

"आबा, लोक म्हणतात तसं नाही..."

"मोटार तुझ्या मागं होती का नाही?"

"होती, पण..."

"मग झालं तर."

यात खोटं नेमकं कुठं आहे, ते दौलतला सापडेना. तोवर आबांनी खुंटीवरचा घोडीचा खरारा काढला आणि ते सायकलची धूळ झाडायला बसले.