झोपेचा तास

"रडणाऱ्या पोराची मला भीती वाटत नाही," बालवाडीच्या ताई फाटकातच म्हणाल्या. "जे रडत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा."

पिपाणीच्या आईने मान डोलावली आणि मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. कारण ताईंच्या वर्गात सकाळभर नुसता मासळीबाजार भरलेला असे. पोरं टेबलाखाली घुसत, ठोकळ्यांवरून भांडत, भोकाड पसरत. ताई मधोमध बसकण मारून बसत आणि गप्प करायचं सोडून विचारत, "कशाला रडतोस? मोठ्यानं सांग बघू." हे शिकवायला पदवी कशाला लागते, असा प्रश्न आईला रोज पडायचा.

दुपारी ताई डबा घेऊन ऑफिसात जात, आणि मग त्याच खोलीत जादू होई. मावशी कमरेला नॅपकिन खोचून यायच्या, पोरांची तोंडं पुसायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. थोड्याच वेळात आत चिटपाखरूही नसावं अशी शांतता. आई एकदा लवकर न्यायला आली होती, तेव्हा तिने ती शांतता दाराबाहेर उभं राहून ऐकली होती. अशी माणसं शिपाई म्हणून राबतात आणि तशा ताई होतात, याचं तिला वाईट वाटलं होतं.

पिपाणी हे लेकीचं घरातलं नाव. पोर बोलायची कमी, वाजायची जास्त. पण बालवाडी सुरू झाली आणि पिपाणीचा आवाज उतरत गेला. कुणी खेळणं ओढून घेतलं तरी हूं नाही की चूं नाही. "पोर शहाणी झाली," सासूबाई म्हणाल्या. "आता तिच्या आईची पाळी." आईने टोमणा गिळला. खरं तर तिलाही बरंच वाटत होतं. धाकटं अजून रांगतही नव्हतं. दोघं एकदम रडायला लागली की तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

मग तो खेळ सुरू झाला.

पिपाणी स्वयंपाकघरातला हात पुसायचा नॅपकिन कमरेला खोचायची. बाहुल्यांना भिंतीकडे तोंड करून ओळीने झोपवायची, प्रत्येकीच्या तोंडावर रुमाल टाकायची. एखादीच्या रुमालावर तळहात दाबून धरायची आणि अगदी हळू म्हणायची, "संपला ना आवाज? शहाणं माझं बाळ."

हे शाळेतलं आहे का, एवढंच तिने विचारलं. पिपाणीने होकारार्थी मान हलवली. झालं. शाळेत शिकवणारी एकच तर बाई होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताईंना वर्गाच्या दारातच गाठलं. जे तोंडात आलं ते बोलली. पोरं ऐकत होती याचंही भान राहिलं नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"एक दिवस वर्गात येऊन बसा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

"बघायचं काही बाकी ठेवलंय तुम्ही?"

"मग मुलीला रडवून बघा. रडता येतंय का अजून तिला."

ह्या उत्तराने तिचं टाळकंच सडकलं. त्या संध्याकाळी तिने आयांच्या ग्रुपवर सगळा खेळ वर्णन करून टाकला. आगीत तेल ओतायला दहाजणी धावल्या. वरून कीर्तन आतून तमाशा, असं एकीने लिहिलं. मुख्याध्यापिकेने मावशींना बोलावून विचारलं, तर त्या बिचाऱ्या नॅपकिनला हात पुसत म्हणाल्या, "ताईंबद्दल मी काय बोलणार? माझ्याकडे पोरं गप्प असतात, एवढंच मला माहीत."

ताईंना काढलं. जाताना त्यांनी फक्त पोरांचा निरोप घेतला, आयांकडे पाहिलंही नाही. पोरं ओक्साबोक्शी रडली. पिपाणी रडली नाही.

त्यानंतर आईचं नशीब उघडलं म्हणायचं. तिची नोकरी पुन्हा सुरू झाली आणि बाळाला सांभाळायला बाईही आयती मिळाली. बाळ तिच्याकडे रडतच नसे. संध्याकाळी आई दमून घरी यायची, तर घर शांत, बाळ शांत. सासूबाई खूश होऊन थोरल्या लेकाकडे राहायला गेल्या. तिला वाटायचं, चांगुलपणाचं फळ मिळतं ते असं.

आज बालवाडीत पालकांना बोलावलं होतं. नव्या ताईंनी आयांना भिंतीशी छोट्या खुर्च्यांवर बसवलं आणि पोरांना खेळायला मोकळं सोडलं. पिपाणी थेट भातुकलीच्या कोपऱ्यात गेली. तिने नॅपकिन कमरेला खोचला. बाहुल्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. रुमाल पडले. तळहात दाबला गेला.

बाकीच्या आया वळून आईकडे बघू लागल्या. आईला मान वर करवेना. ताई गेल्या, पण पोरीच्या मनातून जाईनात.

नव्या ताई पिपाणीशेजारी खाली बसल्या. "तू ताई झालीस होय?"

पिपाणीला हसू आलं. एवढं साधं कसं कळत नाही, तसं.

"ताई जेवायला गेल्यात," ती म्हणाली. "मी मावशी आहे."

आई उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. पिपाणीला तिथेच सोडून ती फाटकाबाहेर आली. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, नवरा परगावी. तिने चालता चालता घरी फोन लावला. लगेच उचलला गेला. तिने बाळाचं विचारलं.

"झोपलंय," पलीकडून अगदी हळू उत्तर आलं. "संपला एकदाचा आवाज. शहाणं माझं बाळ."

रिक्षा थांबेना. धावता धावता तिने आयांच्या त्याच ग्रुपवर लिहिलं, "हे वाचणारं कुणी आमच्या बिल्डिंगजवळ असेल तर लगेच वर जा. दुसरा मजला, उजवीकडचं दार. बाळाचा रडण्याचा आवाज आला तर काळजी नाही. आला नाही तर दार फोडा. आत बालवाडी सोडून आलेल्या मावशी आहेत, मीच ठेवलंय त्यांना."