चतुर्दशीचं पान

माझा थोरला भाऊ अण्णा दुसऱ्या महायुद्धात विमान घेऊन ब्रह्मदेशावर गेला, तो परतलाच नाही. तारेत एवढंच होतं, बेपत्ता. वाडीत कुजबुज झाली, "पळाला असेल." तिथी ठाऊक नाही म्हणून आधी आईने आणि पुढे मी त्याचं पान दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला वाढलं.

यंदा नात मनस्विनीने चिकाटीने छडा लावला. अण्णाचं विमान शत्रूने गोळ्या घालून पाडलं होतं. मी लगेच भटजींना फोन केला.

"अण्णाचं श्राद्ध आता चतुर्दशीला. शस्त्राने गेलेल्यांचा दिवस तो."

"एक दिवस आधी? अहो आजी, तेव्हा मी मंडणगडला आहे. आणि इतकी वर्षं अमावस्येला चाललं की! एका दिवसाने काय बिघडतंय?"

"मग तुम्ही अमावस्येलाच या, उरलेले वडे खायला. पान मी वाढीन."

"पण एवढा हट्ट कशाला?"



"अमावस्येला हरवलेल्यांना जेवू घालतात, भटजी. आमचा अण्णा सापडलाय."