सालींवरचा हक्क

सगळं सामान टेम्पोत चढलं, तरी भाडेकरू बाई मागच्या अंगणात गोण्यांमध्ये माती भरतच होती.

"अगं, लोक घर सोडताना कपाटं नेतात," नवरा कमरेवर हात ठेवून म्हणाला. "तू अंगण नेतेस?"

"आलो तेव्हा इथे कुदळ मारली की ठिणगी उडायची. आता बघ." तिने मातीत बोट खुपसलं. ते मुळापर्यंत आत गेलं. पालापाचोळा, शेण, भाजीचे देठ घालून घालून पोसलेली माती होती ती. मागे ठेवली, तर उन्हात तिची वीट व्हायची. नुसत्या विचाराने तिचा जीव तुटत होता.

तेवढ्यात घरमालकीण काकू तरातरा आल्या. "गोणी खाली ठेव. माती जाणार नाही."

"काकू, जमीन तुमची. माती मी केलीय."

"आणि साली कोणाच्या होत्या गं?"

नवऱ्याला हसू आवरेना. काकूंच्या दारातली सालींची बादली रोज त्याची बायकोच उचलायची, आणि "आली कचरेवाली" म्हणत काकू रोज नाक मुरडायच्या. त्याच काकू आज बोटांवर मोजत होत्या : केळ्याच्या साली, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं. "माझ्या घरचं एवढं खाल्लंय या मातीने. अशी बरी जाऊ देईन!"

भाडेकरू बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि एकेक गोणी वाफ्यात उलटी करू लागली.

"एवढ्यात हार मानलीस?" नवरा म्हणाला.

"हार कसली? हिच्यासाठी भांडणारं माणूस मिळालं!" तिला इतका आनंद झाला होता की हातांची माती तिने साडीलाच पुसली. मातीवर पाला पसरून तिने दाताळं काकूंच्या हातात दिलं. "उघडी ठेवू नका हिला. आणि बादली आता तुम्हीच आणायची."

"आणीन की. मला काय हात नाहीत?"

निघताना तिने एका डब्यात थोडी माती घेतली. काकूंनी लगेच हटकलं, "आता ही कुठे?"

"नव्या घरी नुसता मुरूम आहे, काकू. विरजणापुरती नेते."

काकूंनी डब्यात डोकावून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि आणखी एक मूठ त्यात घातली.

"एवढ्याशाने लागायचं नाही," त्या म्हणाल्या.